पुस्तकात १४००, टेबलावर १९०: चॅनेलमधले इलेक्ट्रॉन अडतात तरी कुठे?

ऊनसावली (धागाकर्ती), ४ ऑगस्ट, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी सिलिकॉनवर साधे एन-चॅनेल मॉसफेट बनवते आहे, म्हणजे वरच्या गेटला व्होल्टेज दिलं की खालच्या चॅनेल नावाच्या पातळ वाटेतून इलेक्ट्रॉन वाहू देणारे ट्रान्झिस्टर. गेटखालचं ऑक्साइड (वीज अडवणारा थर) १० नॅनोमीटर, आमच्याच भट्टीत वाढवलेलं. आज पहिल्यांदा नीट मोजमाप झालं आणि तेव्हापासून चैन नाही.

सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात ते किती सहज धावतात याचं माप) खोलीच्या तापमानाला साधारण १४०० चौ. सेंमी प्रति व्होल्ट-सेकंद असते, असं आपण दुसऱ्या वर्षापासून पाठ करतो. माझ्या चॅनेलमध्ये ती जास्तीत जास्त ४८० भरते. गेटचं व्होल्टेज वाढवत नेलं की आणखी घसरते आणि ५ व्होल्टला १९० वर येते. वेफर (सिलिकॉनची चकती) तेच, सिलिकॉन तेच.

गाइड म्हणाले, "इंटरफेस, म्हणजे सिलिकॉन-ऑक्साइडचा सांधा, खडबडीत असणार." पण ऑक्साइड काढून एएफएमखाली (सुई फिरवून पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहिलं तर खडबडीतपणा जेमतेम ०.१५ नॅनोमीटर. म्हणजे एका अणूएवढासुद्धा नाही! एवढ्याशा उंचवट्याला इलेक्ट्रॉन ठेचकाळतात? की माझं दुसरंच काही चुकतंय?

शेवग्याची शेंग, ४ ऑगस्ट, रात्री १०:३१

एका अणूच्या खड्ड्याने गाडी अडते म्हणताय, आमच्या गल्लीतले खड्डे पाहिले तर तुमचे इलेक्ट्रॉन हात जोडतील. :) विषय कळत नाही, पण वाचतेय. सोप्या भाषेत कुणीतरी लिहा.

तिठा, ४ ऑगस्ट, रात्री ११:०५

सोप्या भाषेत प्रयत्न करतो. बाई, तुम्ही कधी संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावरून गेला आहात? पूल रिकामा असताना मधून चाललं की भिंतीला काय आहे ते कळतही नाही. गर्दीत मात्र लोक तुम्हाला बाजूला रेटतात, मग भिंतीतला प्रत्येक खिळा, प्रत्येक पोपडा खांद्यावरच्या पिशवीला लागतो. भिंत तीच असते.

मॉसफेटमध्ये रेटण्याचं काम गेट करतं. सिलिकॉनच्या पोटात इलेक्ट्रॉन मोकळा असतो. गेटला धन व्होल्टेज दिलं की तो वर खेचला जातो आणि ऑक्साइडच्या छताला चिकटून पळायला लागतो. त्याचा सरासरी ठाव छतापासून एक-दोन नॅनोमीटरवर. व्होल्टेज जितकं जास्त तितका तो छताला घट्ट दाबला जाणार. म्हणून ऊनसावली यांची मोबिलिटी गेट वाढवल्यावर घसरली.

निरांजन, ५ ऑगस्ट, सकाळी ७:५०

तिठा यांचं उदाहरण आवडलं. त्याला आकडा जोडतो, कारण "अणूएवढाही नाही" या वाक्यातच गोम आहे.

उंचवटा किती मोठा, हे मीटरपट्टीने ठरत नाही, ऊर्जेने ठरतं. छताजवळचं परिणामी विद्युतक्षेत्र साधारण १० लाख व्होल्ट प्रति सेंटिमीटर धरा. छत ०.२ नॅनोमीटर वर-खाली झालं तर त्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनची ऊर्जा किती बदलेल? गुणाकार करा: ०.०२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आता खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा बघा: ०.०२६. म्हणजे जो उंचवटा तुम्ही "अणूएवढाही नाही" म्हणून सोडून दिलात, तो इलेक्ट्रॉनला त्याच्या सगळ्या धावेच्या ऊर्जेइतका जाणवतो.

आणि विखुरण्याचा, म्हणजे धक्का लागून दिशा बदलण्याचा, दर या गुणाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. क्षेत्र दुप्पट झालं की या कारणाने बसणारे धक्के चौपट. माझ्या मते हे एक समीकरण समजलं की अर्धा विषय समजला.

बोरूबहाद्दर, ५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

उत्तम धागा. एक भाषिक शंका: स्कॅटरिंगला "प्रकीर्णन" हा छापील शब्द आहे, इंटरफेसला "आंतरपृष्ठ". कुणी वापरत का नाही?

तिठा, ५ ऑगस्ट, सकाळी ८:४०

"विखुरणं" म्हटलं की आमच्या गावाकडच्या पोरालाही लगेच कळतं, म्हणून मी तेच वापरतो. आंतरपृष्ठ मात्र छान आहे. पण प्रयोगशाळेत "आंतरपृष्ठ खराब आहे" असं ओरडलो तर शेजारचा भट्टी बंद करायच्या आधी शब्दाचा अर्थ विचारेल. :)

बोरूबहाद्दर, ५ ऑगस्ट, सकाळी ८:४४

मान्य. भट्टी आधी बंद करा.

कातळवाट, ५ ऑगस्ट, दुपारी १:१०

एएफएमच्या ०.१५ वर विश्वास ठेवू नका, हे कळकळीने सांगतो. मी यात एक अख्खं वर्ष घालवलं आहे.

एएफएमच्या सुईचं टोक साधारण १० नॅनोमीटर त्रिज्येचं असतं. इंटरफेसवरचे चढउतार त्याहून कितीतरी जवळजवळ असतात. गुडनिक आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉन-ऑक्साइडचा आडवा छेद पाहिला, तेव्हा उंची ०.२ ते ०.४ नॅनोमीटरच्या घरात आणि एका चढउताराची लांबी एक ते तीन नॅनोमीटर निघाली. दळणाच्या जात्याचे टाके तुम्ही तळहाताने मोजायला गेलात तर जातं गुळगुळीतच लागणार. शिवाय ऑक्साइड काढल्यावर जे दिसतं ते उघडं पडलेलं सिलिकॉन. ऑक्साइडखाली गाडलेला इंटरफेस अगदी तसाच होता, हे गृहीत धरावं लागतं.

दुसरी गोष्ट, त्याआधी लोक हा खडबडीतपणा गाउशियन धरून चालायचे, म्हणजे मऊ, गोलसर टेकड्या. छेदाच्या चित्रांना घातांकी वर्णन जास्त जुळलं. तिथे बारीक, तीक्ष्ण कडा जास्त असतात. सिलिकॉनच्या (१००) पृष्ठावर, म्हणजे स्फटिक एका ठरावीक दिशेने कापल्यावर मिळणाऱ्या पृष्ठावर, एका पायरीची उंची ०.१३६ नॅनोमीटर. टेकड्यांपेक्षा हे पायऱ्यांचं, तुटक कडांचं राज्य आहे.

ऊनसावली, ५ ऑगस्ट, दुपारी १:३५

कातळवाट सर, वाचून धक्काच बसला. गेले तीन आठवडे मी त्या ०.१५ वर खूश होते. मग उंची मोजून उपयोगच नाही का? इलेक्ट्रॉनला काय महत्त्वाचं, उंची की लांबी?

निरांजन, ५ ऑगस्ट, रात्री ९:२५

दोन्ही. चॅनेलमधल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी साधारण १० ते १५ नॅनोमीटर असते. वेफर अख्खा मिलिमीटरभराच्या लाटेत वाकलेला असेल तर इलेक्ट्रॉनला काही फरक पडत नाही, तो वळणावर बैलगाडीसारखा सावकाश वळतो. चढउतार तरंगलांबीच्या फार खाली गेले तर त्यांची सरासरी होऊन जाते. त्रास देतात ते मधले, ज्यांच्यामुळे त्याची दिशा झटक्यात बदलते. समोरून मागे फिरवणारा धक्का विद्युतप्रवाहाला सगळ्यात महाग पडतो. तिरका, बारीक धक्का फारसं बिघडवत नाही.

म्हणून दोन नमुन्यांची उंची सारखी आणि मोबिलिटी वेगळी, असं सहज होऊ शकतं.

खारीचा वाटा, ६ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मी वीस वर्षं फॅबमध्ये (चिप बनवण्याच्या कारखान्यात) आहे, सध्या भारताबाहेर. वरची चर्चा वाचून आनंद झाला, पण सगळेजण खडबडीतपणावर एकदम तुटून पडलेत, म्हणून थोडा विरोध नोंदवते.

१९० या आकड्यात किमान चार आरोपी आहेत. पहिला, स्फटिकाची स्वतःची थरथर, म्हणजे फोनॉन. हा कुठेही सुटत नाही. दुसरा, ऑक्साइडमधले आणि इंटरफेसवरचे विद्युतभार. तिसरा खडबडीतपणा. चौथा आरोपी विखुरणारा नाहीच, तो मोजणाऱ्याच्या हिशोबात बसलेला आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

ताकागी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वेगवेगळ्या भेसळीच्या (मुद्दाम मिसळलेल्या परक्या अणूंच्या) वेफरवर मोबिलिटी मोजून ती परिणामी क्षेत्रासमोर मांडली, तर सगळ्या रेषा एकाच वक्रावर येऊन बसल्या. कमी क्षेत्रात भारांचा त्रास, कारण चॅनेलमध्ये इलेक्ट्रॉन थोडे असतात आणि एकमेकांना आडोसा देऊ शकत नाहीत. मध्यात फोनॉन, तिथे घसरण मंद. जास्त क्षेत्रात खडबडीतपणा, तिथे वक्र दगडासारखा खाली कोसळतो. त्या वक्रावर १० लाख व्होल्ट प्रति सेंटिमीटरजवळ अडीचशेच्या आसपास मोबिलिटी मिळते. ऊनसावली, तुझं ऑक्साइड १० नॅनोमीटर आणि गेट ५ व्होल्ट, म्हणजे तू त्याच्या थोडी अलीकडेच आहेस. तुला २५० च्या वर मिळायला हवं होतं. १९० म्हणजे वक्राच्या चांगलंच खाली. खडबडीतपणाचा नेहमीचा हिस्सा त्या वक्रात आधीच धरलेला आहे. वरची तूट कुठून आली?

आता चौथा आरोपी. सोर्स आणि ड्रेनच्या (चॅनेलच्या दोन टोकांच्या) जोडणीचा रोध तू वजा केलास का? गेट वाढवलं की चॅनेलचा रोध कमी होतो, जोडणीचा मात्र तेवढाच राहतो. मग जास्त गेटला तो एकूण रोधाचा मोठा तुकडा बनतो आणि हिशोबात मोबिलिटी घसरल्यासारखी दिसते. अगदी खडबडीतपणासारखीच! कितीतरी प्रबंधांत मी हे पाहिलं आहे. वेगवेगळ्या लांबीचे मॉसफेट मोज, मग बोल.

ऊनसावली, ६ ऑगस्ट, सकाळी ७:०२

ताई, वजा केला नाही. मास्कवर (नक्षीच्या साच्यावर) चार लांब्या आहेत, सगळ्या मोजते. दोन-तीन दिवस द्या.

तिठा, ६ ऑगस्ट, सकाळी ९:३०

खारीचा वाटा, तुमच्या नावाला शोभेल असा प्रतिसाद नाही, हा हत्तीचा वाटा झाला.

सह्यवेडा, ६ ऑगस्ट, रात्री ८:१५

थोडं अवांतर. मी पुण्यात विजेच्या गाड्यांच्या चार्जरवर काम करतो. आम्ही सिलिकॉन कार्बाइडचे मॉसफेट वापरतो. त्यातही चॅनेलची मोबिलिटी फार कमी असते असं ऐकलंय. तेही खडबडीतपणामुळेच का?

कातळवाट, ६ ऑगस्ट, रात्री ९:५०

सह्यवेडा, अवांतर कसलं, हीच तर या विषयातली सगळ्यात मोठी लढाई. आपण वापरतो त्या ४एच (ही स्फटिकाची एक मांडणी) सिलिकॉन कार्बाइडच्या पोटात मोबिलिटी हजाराच्या जवळ, आणि नुसतं ऑक्साइड वाढवून चॅनेल केलं तर एक आकडी! आठ, सात, पाच.

तिथे मुख्य दोष खडबडीतपणाकडे जात नाही. सिलिकॉनचं ऑक्सिडेशन होताना मागे उरतं सिलिकॉनच. कार्बाइडमध्ये प्रत्येक सिलिकॉनबरोबर एक कार्बन असतो. तो वायू होऊन बाहेर पडायला हवा, पण सगळा पडत नाही. इंटरफेसजवळ इलेक्ट्रॉन पकडून ठेवणारे सापळे तयार होतात. गेटने ओढून आणलेले बरेचसे इलेक्ट्रॉन त्यात अडकतात. उरलेल्यांना त्या अडकलेल्यांचाच भार विखुरतो. दुहेरी मार आहे हा.

यात खारीचा वाटा यांच्या मुद्द्याचं दुसरं रूप दिसतं. आपण हिशोबात सगळे इलेक्ट्रॉन धावते धरतो, त्यातले निम्मे बसलेले असतात. मग धावणाऱ्यांची मोबिलिटी आहे त्याहून कमी भासते. हॉल परिणामाने, म्हणजे चुंबकीय क्षेत्र लावून, फक्त धावणारे मोजले की आकडा वर जातो. नायट्रिक ऑक्साइड वायूत तापवलं की इंटरफेसला नायट्रोजन बसतो, बरेच सापळे बंद होतात आणि चॅनेलची मोबिलिटी तीस-चाळीसपर्यंत येते. तुमच्या चार्जरमधले मॉसफेट याच युक्तीच्या जोरावर बाजारात आले.

सह्यवेडा, ६ ऑगस्ट, रात्री १०:०५

हजारातले चाळीस, आणि तरीही आमचा चार्जर सिलिकॉनवाल्यापेक्षा लहान आणि थंड! मनापासून धन्यवाद. इतकी वर्षं वापरतोय, आत ही कथा आहे हे माहीत नव्हतं.

निरांजन, ७ ऑगस्ट, सकाळी ८:००

कार्बाइडच्या उलट टोकाचं उदाहरण देतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल इंटरफेस म्हणजे कायमचं दुखणं.

गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड. दोघांच्या स्फटिकातली अंतरं जवळजवळ सारखी, फरक हजारात एकाच्या आसपास. त्यामुळे एकावर दुसरा थर वाढवला तर सांध्यावर तुटके बंध जवळपास राहत नाहीत. त्यात १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये डिंगल, श्टोर्मर, गोसार्ड आणि वीगमान यांनी इलेक्ट्रॉन देणारी भेसळ सांध्याच्या एका बाजूला ठेवली आणि इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूला पळू दिले. देणारा मागे राहिला, धावणारा पुढे गेला. १९८० मध्ये फुजित्सूत मिमुरा यांनी त्यावर ट्रान्झिस्टर केला. गच्चीवरच्या डिशच्या टोकाला जो छोटा डबा असतो, त्याच्या आत याच जातीचा ट्रान्झिस्टर उपग्रहाचा क्षीण संदेश पहिल्यांदा वाढवतो.

अतिशीत तापमानाला या सांध्यांवर मोबिलिटी कोटींत जाते. २०२१ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने ४ कोटी ४० लाख मोजली. हर्बर्ट क्रोमर यांनी २००० सालच्या नोबेल व्याख्यानात म्हटलं होतं की बऱ्याचदा इंटरफेस हेच उपकरण असतं. माझ्यासाठी त्या वाक्याचा पुरावा म्हणजे हा आकडा.

बोरूबहाद्दर, ७ ऑगस्ट, सकाळी ८:२०

म्हणजे तिथे खडबडीतपणाचा प्रश्नच संपला?

कातळवाट, ७ ऑगस्ट, दुपारी १२:४५

नाही, तिथेही दबा धरून आहे. निरांजन यांचा आकडा रुंद विहिरींचा. इलेक्ट्रॉनला दोन सांध्यांच्या मध्ये चिणलं आणि ती विहीर अरुंद करत नेली की खडबडीतपणा परत डोकं काढतो. साकाकी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की अरुंद विहिरीत मोबिलिटी रुंदीच्या सहाव्या घाताने बदलते. रुंदी निम्मी केली तर मोबिलिटी चौसष्टावा भाग!

कारण शेतातल्या पाटासारखं आहे. पाटाला हातभर पाणी असेल तर तळातला दगड वरून दिसतही नाही. तेच पाणी बोटभर उरलं की प्रत्येक खड्यावर खळखळ होते. विहिरीतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून रुंदीतल्या लहानशा फरकाने ती घनाच्या व्यस्त प्रमाणात हलते. विखुरणं त्याच्या वर्गाने, म्हणून सहावा घात. कागदावर तीन ओळींत निघतं, करून बघा.

आणि सांध्याचे दोन चेहरे असतात हेही लक्षात ठेवा. गॅलियम आर्सेनाइडवर ॲल्युमिनियमवाला थर वाढवला तर सांधा चांगला येतो. उलट क्रमाने वाढवला तर जास्त खडबडीत, कारण ॲल्युमिनियमचे अणू पृष्ठभागावर आळशी असतात, योग्य जागा शोधत फिरत नाहीत. मध्ये थोडा वेळ वाढ थांबवली की पृष्ठभाग सावरतो. गवंडी गिलावा ओढून थोडा सुकू देतो आणि मग घोटतो, तसंच.

शेवग्याची शेंग, ७ ऑगस्ट, दुपारी ३:३०

पाट आणि गिलावा दोन्ही कळले! माझे वडील गवंडी होते. भिंतीवर उजेड तिरका पाडून ते उंचवटे शोधायचे. तुम्ही लोक विजेने तेच करताय.

कातळवाट, ७ ऑगस्ट, दुपारी ४:०२

ताई, हे उदाहरण मी पुढच्या वर्गात सांगणार आहे. तुमच्या वडिलांचं श्रेय देऊन.

ऊनसावली, ९ ऑगस्ट, रात्री ११:४०

मंडळी, झोप उडवणारी बातमी.

चारही लांब्या मोजल्या. एकूण रोध लांबीसमोर मांडला, रेषा शून्य लांबीपर्यंत मागे ओढली, आणि जोडणीचा रोध चांगला घसघशीत निघाला. तो वजा केल्यावर ५ व्होल्टची मोबिलिटी १९० वरून २६० वर आली! खारीचा वाटा ताई, तुमचे आभार कसे मानू? गाइडनाही दाखवलं. ते म्हणाले, ही वजाबाकी इथून पुढे सगळ्या गटाने करायची.

मग द्रव नायट्रोजन ओतून ७७ केल्व्हिनला तेच मोजलं. कमी गेटला मोबिलिटी कितीतरी पटींनी वाढली. ५ व्होल्टला मात्र फक्त ५६० पर्यंत आली आणि गेटसोबत ती झपाट्याने कोसळते. थंडीने फोनॉन गप्प झाले, तरी काहीतरी अडवतंच आहे. मॅथिसनच्या नियमाने, म्हणजे प्रत्येक अडथळ्याच्या मोबिलिटीच्या व्यस्त संख्यांची बेरीज केली तर खोलीच्या तापमानाला एकूण अडथळ्यात त्या "काहीतरी"चा वाटा २६० भागिले ५६०, म्हणजे ४६ टक्के येतो. हा खडबडीतपणा म्हणू का?

निरांजन, १० ऑगस्ट, सकाळी ७:३०

वा! अशी मोजणी वाचायला मिळाली की दिवस चांगला जातो. दोन सूचना. ७७ केल्व्हिनला फोनॉन पूर्ण गप्प होत नाहीत, त्यामुळे ४६ टक्के ही वरची मर्यादा समजा. फोनॉनचा उरलेला भाग काढला की ४० च्या आसपास येईल. आणि मॅथिसनचा नियम इथे अंदाजापुरताच वापरा, वेगवेगळी विखुरणी एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. पण जास्त क्षेत्रात झपाट्याने कोसळणं, आणि तापमानाला फारसं न जुमानणं, या दोन खुणा एकत्र आल्या की नाव घ्यायला हरकत नाही. भारांचा त्रास असता तर गेट वाढवल्यावर तो कमी व्हायला हवा होता.

खारीचा वाटा, १० ऑगस्ट, सकाळी ८:१०

शाब्बास पोरी. आता तो खडबडीतपणा कमी कसा करायचा ते बघ. ऑक्सिडेशनच्या आधी वेफर कसा धुतेस? अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पाणी १:१:५, पंचाहत्तर अंशांना?

ऊनसावली, १० ऑगस्ट, सकाळी ८:१४

हो ताई, अगदी तेच. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर तसंच लिहिलंय.

खारीचा वाटा, १० ऑगस्ट, सकाळी ८:३५

तो कागद केर्न यांनी १९७० मध्ये छापलेल्या कृतीवरून आला आहे. घाण काढायला ती कृती अजूनही उत्तम. पण पेरॉक्साइड सिलिकॉनवर पातळ ऑक्साइड करतो आणि अमोनिया ते खातो, सतत दोन्ही चालू असतं. अमोनिया जास्त झाला की खाणं वरचढ होतं आणि पृष्ठभागाला बारीक दात येतात. ऑक्साइड चढलं की ते दात इंटरफेसमध्ये गाडले जातात. अमोनिया चौथ्या भागावर आण, ०.२५:१:५. वेळही वाढवू नकोस. पाणी आणि भांडी तीच ठेव, एका वेळी एकच गोष्ट बदल.

आणि शेवटी हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये चारशे-साडेचारशे अंशांना तापवायला विसरू नकोस. त्याने खडबडीतपणा जात नाही, पण तुटके बंध हायड्रोजनने मिटतात. म्हणजे कमी गेटकडचा भारांचा त्रास वेगळा काढता येईल, आणि जे उरेल ते खडबडीतपणाच्या खात्यावर निर्धास्त टाकता येईल.

तिठा, १० ऑगस्ट, सकाळी ९:००

दादरच्या पुलाच्या भिंतीला रंधा मारायचा तर.

ऊनसावली, १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

चार वेफर धुवून झाले. दोन जुन्या प्रमाणात, दोन ०.२५ च्या. चारही एकाच बोटीत (वेफर धरणाऱ्या चौकटीत), एकाच भट्टीत, एकाच वेळी ऑक्सिडेशनला लावलेत. पुढची लिथोग्राफी (प्रकाशाने नक्षी उमटवणं) आणि धातू व्हायला दोन आठवडे लागतील. ७७ केल्व्हिनचा आकडा आला की इथेच टाकते.